उरलेलं आणि राखलेलं

पत्र नागपुरातल्या प्रतापनगर भागातून आलं आहे. लिहिणाऱ्या ताई ५२ वर्षांच्या, नोकरी करणाऱ्या. सकाळी साडेनऊला घर सोडतात, साडेसहाला परततात. यजमान चंद्रपूरला नोकरीला. शनिवारी दुपारी येतात, सोमवारी पहाटे निघतात. मुलगी लग्न होऊन हैदराबादला. शनिवार-रविवार घरात साग्रसंगीत स्वयंपाक होतो, उरलेलं मंगळवारपर्यंत पुरतं. बुधवारपासून रात्री चहा-टोस्ट, चिवडा, फार तर दूध-पोळी; दुपारी कॅन्टीनचे पोहे नाहीतर समोसा. अलीकडच्या तपासणीत हिमोग्लोबिन १०.४ आणि एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.१ आलं. त्या लिहितात : "एका माणसासाठी वरण-भात-भाजी-पोळी करायला दीड तास आणि जेवायला दहा मिनिटं. भाजी आणली की अर्धी फेकावी लागते. सासूबाईंनी शिकवलं, शिळं खाऊ नये. आणि मी आठवड्यातले दोन दिवस शिळंच खाते. मुलगी म्हणते डबा लाव, हे म्हणतात बाई लाव. मला दोन्ही पटत नाही. पण रोज एकटीसाठी गॅस पेटवायचा उत्साहही उरलेला नाही. काय करू?"

ताई,

स्वयंपाकघरात शिरण्याआधी ते दोन आकडे पाहू. बायकांचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात, त्यामुळे १०.४ हा काठावरचा आकडा नाही. बावन्नाव्या वर्षी त्यामागं पाळीच्या जास्त रक्तस्रावापासून बी-१२ च्या कमतरतेपर्यंत काहीही असू शकतं. ते डॉक्टरांकडे गेल्याशिवाय कळणार नाही. त्यांनी लोहाच्या गोळ्या दिल्या तर पालकाच्या भरवशावर त्या टाळू नका. एचबीएवनसी ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. मात्र अंगात लोह कमी असलं की हा आकडा कधीकधी खऱ्यापेक्षा जास्त दिसतो, म्हणून उपाशीपोटीची साखरही तपासायची का, हे त्यांना विचारा.

चहा-टोस्टबद्दल एवढंच. चहातली टॅनिन अन्नातलं लोह नीट अंगी लागू देत नाहीत. टोस्ट मैद्याचा, त्यात घेण्यासारखं फार काही नाही. म्हणजे आठवड्यातल्या तीन रात्री तुमच्या शरीराला लोह जेमतेमच मिळतं, आणि सोबत दूध-पोळी खाल्लीत तर तिच्यातलंही बरंचसं चहा अडवून धरतो. चहा सोडा असं मी म्हणणार नाही. जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर मोकळा ठेवा आणि ताटात लिंबू, आवळा किंवा संत्रं येऊ द्या. सी जीवनसत्त्वामुळं डाळी-भाजीतलं लोह चांगलं शोषलं जातं. आंबिया बहाराची संत्री दिवाळीच्या सुमारास येतात, मृगाची उन्हाळ्याच्या तोंडाशी. उरलेले महिने लिंबू आहेच.

आता तुमच्या पत्रातला 'शिळं' हा शब्द. तुम्ही सोमवारी-मंगळवारी खाता ते कसं तयार होतं, ते बघा. रविवारी दुपारी बाराला भाजी झाली. दीडला जेवलात. गंज, म्हणजे पातेलं, ओट्यावरच राहिला, कारण रात्रीही तीच खायची होती. मधे दोनदा डाव फिरला, रात्री गरम झाली, पुन्हा ओट्यावर निवली आणि झोपताना जे काही तळाशी होतं ते फ्रीजमध्ये गेलं. म्हणजे दहा तास बाहेर, दोनदा गरम, दोनदा गार. सासूबाईंचं म्हणणं या अन्नाबद्दल शंभर टक्के खरं आहे. त्यांच्या काळी बहुतेक घरांत फ्रीजही नव्हता.

पण हीच भाजी बाराला झाल्याबरोबर तुमच्या एका जेवणापुरती वेगळी काढली, ताटलीत पसरून अर्ध्या तासात निववली आणि झाकण लावून फ्रीजमध्ये ठेवली, तर सोमवारी रात्री ती चांगली असते. पहिलं उरलेलं अन्न, दुसरं राखलेलं. उरलेल्याला आपण शेवटी हात लावतो, राखलेल्याला सगळ्यात आधी. माझा सगळा सल्ला या एका फरकावर उभा आहे : जेवायला बसण्याआधी तुमचा सोमवारचा डबा भरलेला असला पाहिजे.

दुसरी गोष्ट ताटाची. दीड तास लागतो, कारण पाच माणसांचा स्वयंपाक तुम्ही एकटीसाठी करू बघता : तेच चार पदार्थ, फक्त थोडे थोडे. पदार्थ लहान झाला म्हणून चिरणं, फोडणी, भांडी घासणं यांचा वेळ कमी होत नाही. ताटात धान्य, डाळ, भाजी, दही आणि मूठभर तेलबिया आल्या की ताट भरलं. त्या चार भांड्यांत शिजल्या की एका, याचा तब्येतीशी संबंध नाही. डाळभाजी, ज्वारीची भाकरी, दही-काकडी आणि जवसाची चटणी यात सगळं आलं, आणि गॅसवर दोनच गोष्टी चढल्या.

डबा आणि बाई हे दोन्ही पर्याय मी झटकून टाकणार नाही. महिन्याच्या डब्यात साधारणपणे आलू वरचेवर असतो, वरण पातळ आणि भाजीवर तेलाचा तवंग. साखरेच्या उंबरठ्यावरच्या माणसानं रोज दोन्ही वेळा तो खाऊ नये. बाई चांगली मिळाली तर मोठीच सोय, पण त्या येणार सकाळी सातला किंवा तुम्ही घरी नसताना, आणि एका माणसाचं काम म्हणून घाईत उरकणार. तुमच्याकडे हात आहे, चव आहे. कंटाळा बहुधा पोळ्या लाटण्याचा असेल. मग फक्त पोळ्या बाहेरून घ्या. पोळी-भाजी केंद्रातून तीन पोळ्या येताना आणल्या, भाजी-डाळ घरची. ज्यांना पोळ्या जमतात पण भाजीचा वैताग आहे, त्यांनी उलट करावं. सगळं घरचं नाहीतर सगळं बाहेरचं, असा हट्ट कशाला?

भांड्यांपासून सुरुवात करा. पाच लिटरच्या कुकरात थेट अर्धी वाटी डाळ टाकली की ती तळाशी पातळ पसरते, कुकर वाफेनं भरून शिट्टी येईपर्यंत पाणी कमी होतं आणि डाळ करपते. दीड किंवा दोन लिटरचा कुकर घ्या. तोपर्यंत मोठ्या कुकरात खाली दोन वाट्या पाणी घालून वर डब्यांत डाळ-भात लावा. कढईही लहान हवी, सात-आठ इंचांची, लोखंडी असेल तर उत्तम. हिरव्या भाज्यांत थोडं लोह उतरतं. भाजी झाली की लगेच काढून घ्या, नाहीतर काळी पडते आणि धातूची चव येते. मोठ्या कढईत एका माणसाची फोडणी नेहमी बिघडते, कारण चमचाभर तेल तळभर पसरून मोहरी भिजतच नाही. मग आपण आणखी दोन चमचे ओततो. तुमच्या भाजीत तेल जास्त होत असेल तर ते बहुधा या कढईमुळं.

पाण्याचंही तसंच. पाणी आटतं ते आचेवर, भांड्याच्या तोंडावर आणि वेळेवर. आत एक मूठ तांदूळ आहेत की पाच, हे त्याला कळत नाही. उघड्या गंजात दोन वाट्या तांदळाला चार वाट्या पाणी घातलं आणि त्यातलं अर्धी वाटी उडालं, तर भात बिघडत नाही. अर्धी वाटी तांदळाला एक वाटी घातलं आणि तेवढंच उडालं, तर निम्मं पाणी गेलं. म्हणून एकट्याचा भात गंजात कच्चा राहतो. कुकरच्या डब्यात अर्ध्या वाटीला एक वाटी पाणी बरोबर बसतं. गंजातच करायचा तर सव्वा वाटी, घट्ट झाकण आणि बारीक आच. रस्सा आटून खारट होतो तोही याच कारणानं. थोड्या भाजीत मीठ शेवटी घाला.

आता डाळ. इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण तुमचा आठवडा डाळीवरच सावरेल. मी म्हणते ती वाटी १५० मिलीची, स्टीलची साधी. रविवारी एक वाटी तूरडाळ, साधारण १२५ ग्रॅम, धुऊन अर्धा तास भिजवा. अडीच वाट्या पाणी, पाव चमचा हळद, दोन थेंब तेल म्हणजे फेस वर येत नाही. चार शिट्ट्या, मग बारीक आचेवर पाच मिनिटं. मीठ नको, फोडणी नको. घोटा आणि तीन छोट्या डब्यांत वाटून टाका : एक सोमवारचा, एक मंगळवारचा फ्रीजमध्ये, तिसरा फ्रीझरमध्ये. प्रत्येक डब्यात ४० ग्रॅमच्या आसपास कोरडी डाळ, म्हणजे नऊ ग्रॅम प्रथिनं. फोडणी घालून ठेवलेल्या वरणाची चव दुसऱ्या दिवशी बसते आणि तिसऱ्या दिवशी तेच ते नको होतं. नुसती शिजलेली डाळ मात्र रोज वेगळ्या रूपात येते.

सोमवारी साधं वरण : गरम पाणी घालून सारखं करा, मीठ, अर्धा चमचा तूप, वर लिंबू. दहा मिनिटं.

मंगळवारी डाळभाजी. सकाळी निघताना चमचाभर चणाडाळ आणि मूठभर फल्लीदाणे भिजत घाला. उन्हाळ्यात हे भिजवण फ्रीजमध्ये ठेवा, नाहीतर संध्याकाळी आंबूस वास येतो. आल्यावर लहान कुकरात पाऊण वाटी पाणी घालून दोन शिट्ट्या. तोवर १०० ग्रॅम पालक चिरा, त्यात चार पानं आंबट चुक्याची मिळाली तर फारच छान. कढईत एक छोटा चमचा तेल, मोहरी, जिरं, चार पाकळ्या ठेचलेला लसूण, एक सुकी मिरची. लसूण बदामी होऊ द्या, पण तपकिरी नको, कडवट होतो. पालक टाकून तीन मिनिटं उघडाच परता. झाकण ठेवलं की हिरवा रंग जातो. मग डाळीचा डबा, शिजलेले दाणे त्यांच्या पाण्यासकट, अर्धी हिरवी मिरची, पाव चमचा मीठ. पाच मिनिटं खदखदू द्या. लिंबू गॅस बंद केल्यावरच, कारण सी जीवनसत्त्व उकळण्यात जातं. वर सांबार, म्हणजे कोथिंबीर, चिरून.

तिसरा डबा गुरुवारसाठी. वरणफळं करा : डाळीत दोन वाट्या पाणी घालून फोडणी देऊन खळखळ उकळा, अर्धी वाटी कणकेची घट्ट पोळी लाटून तिच्या वड्या कापा आणि एक एक सोडा. सगळ्या एकदम टाकल्या किंवा पाणी उकळलेलं नसलं की गोळा होतो. आठ-दहा मिनिटं, तळापासून सराटा फिरवत. सोबत काकडी-कांदा. एका भांड्यात जेवण होतं आणि पोळीचा प्रश्नही सुटतो. मधला बुधवार उसळीचा ठेवा. मटकी, चवळी, हरभरे यांपैकी एक वाटी शनिवारी रात्री भिजवून रविवारी डाळीसोबतच वेगळ्या डब्यात शिजवा आणि तीन भाग करून ठेवा, एक फ्रीजमध्ये, दोन फ्रीझरमध्ये. यजमानांसाठी कुकर लागणारच असतो. त्यातच हे होतं.

भाजी फेकावी लागते, असं तुम्ही लिहिलंत. तुम्ही जास्त आणता असं तुम्हाला वाटतं. मला वाटतं, तुम्ही कमी खाता. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत २००० कॅलरींच्या दिवसभराच्या आहारात ४०० ग्रॅम भाज्या धरल्या आहेत, सोबत ८५ ग्रॅम डाळी-कडधान्य आणि ३०० मिली दूध-दही. बैठ्या कामाच्या बाईला धान्य आणि तेल यापेक्षा कमी लागेल, भाजी कमी करायचं कारण नाही. सोमवार ते शुक्रवार म्हणजे दोन किलो भाजी, एकट्या माणसाची! पाव किलो ढेमसे ही एका दिवसाची भाजी आहे, दोन दिवसांची नव्हे.

एकदम दोन किलो आणू नका. रविवारी खामल्यातून किंवा गोकुळपेठेतून एक किलो, बुधवारी ऑफिसातून येताना एक किलो. आधी नाजूक संपवायचं, नंतर टिकाऊ : सोमवार-मंगळवारी पालेभाजी, मधे ढेमसे, बरबटी, वांगी, आठवड्याच्या शेवटी पत्ताकोबी, कोहळं, गाजर, बीट. पत्ताकोबीचा गड्डा मधून कापू नका. बाहेरून लागतील तेवढी पानं सोलून घ्या आणि चिरा. कापलेला भाग हवेला लागत नाही, गड्डा फ्रीजमध्ये दोन आठवडे सहज राहतो. कोहळ्याची फोड मात्र कापलेलीच मिळते, तिच्या बिया आणि मऊ गर आधी काढून टाका, सडायला तिथूनच सुरुवात होते.

पालकाची जुडी एका बैठकीत संपत नाही. आल्या आल्या निवडा, पण धुऊ नका. कोरड्या सुती कापडात गुंडाळून डब्यात ठेवा, कापड ओलं झालं की बदला. छापील वर्तमानपत्र वापरू नका, शाई अन्नाला लागते. तीन दिवसांत हात लागला नाही तर उरलेला पालक उकळत्या पाण्यात एक मिनिट बुडवा, गार पाण्यात काढा, घट्ट पिळून लिंबाएवढे गोळे करून फ्रीझरमध्ये टाका. एका डाळभाजीला दोन गोळे. हिवाळ्यात तुरीच्या शेंगांचे सोले असेच, दोन मिनिटं उकळून गोठवले तर मार्चमध्येही वाटीभर सोलेभात होतो.

पोळ्या आणि भाकरी. भिजवलेली कणीक दुसऱ्या दिवशी काळपट पडते. वर तेलाचा हात फिरवून बंद डब्यात एक दिवस ठीक, त्यापुढं नको. त्यापेक्षा रविवारी आठ पोळ्या जास्त लाटा. या थोड्या कमी भाजायच्या, डाग पडायला लागले की काढायच्या. पूर्ण गार झाल्या की मधे बटर पेपर घालून पिशवीत, फ्रीझरमध्ये. लागेल तेव्हा काढून थेट तापलेल्या तव्यावर, दोन्ही बाजूंनी अर्धा अर्धा मिनिट. फुलके गोठवू नका, ते कडक होतात. ज्वारीचं पीठ एका वेळी किलोभरच दळून आणा. जुन्या पिठाची भाकरी थापताना चिरते आणि उन्हाळ्यात पीठ कडवट होतं; पाच किलो दळण ही एकट्या घराची चूक आहे. थापायचा कंटाळा आला तर ज्वारीच्या कण्या करा. पाव वाटी कण्या सकाळी भिजत घालून जा, रात्री सव्वा वाटी पाण्यात कुकरच्या डब्यात पाच शिट्ट्या. ताक, मीठ, जिऱ्याची पूड घालून मे महिन्यात याच्याइतकं सुखाचं जेवण नाही.

उन्हाळ्याबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण नागपूरचा पारा ४५ ला टेकतो तेव्हा इतर महिन्यांचे नियम चालत नाहीत. हिवाळ्यात शिजवलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेलं पाहिजे. एप्रिल ते जून ही मुदत एक तासाची. सगळ्यात जपायचं ते भाताला. तांदळातल्या काही जिवाणूंचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, भात कोमट राहिला की ते वाढतात आणि त्यांनी सोडलेलं विष पुन्हा गरम केल्यानं जात नाही. म्हणून रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भाताला सकाळी फोडणी दिली तरी तो सुरक्षित होत नाही. भात राखायचा तर ताटात पातळ पसरून लवकर निववा, फ्रीजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी संपवा. डाळ-भाजी फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस, फ्रीझरमध्ये महिना. एकदा वितळलेलं पुन्हा गोठवायचं नाही आणि गरम करायचं ते वाफा येईपर्यंत, पूर्ण. डबे चपटे आणि लहान घ्या, २०० ते २५० मिलीचे. खोल डब्यात मधला भाग तासन्‌तास गरम राहतो. झाकणावर चिकटपट्टी लावून पदार्थ आणि तारीख लिहा. गोठलेली तूरडाळ आणि गोठलेलं बेसनाचं पिठलं सारखंच दिसतं.

तेल मोजायची एक सोपी युक्ती. एक लिटरचं पाकीट फोडलं की त्यावर तारीख टाका. दिवसाला चार छोटे चमचे, म्हणजे २० मिली धरलं तर सोमवार ते शुक्रवारच्या स्वयंपाकात ते अडीच महिन्यांच्या जवळपास गेलं पाहिजे. शनिवार-रविवारचं तेल वेगळ्या बाटलीत ठेवा, म्हणजे पाहुणचाराचं तेल तुमच्या हिशेबात मिसळणार नाही.

दुपारचा समोसा मी विसरलेले नाही. सकाळी डबा भरायला वेळ नसतो हे मान्य. पण रात्रीच दोन पोळ्या आणि त्याच भाजीचा अर्धा भाग डब्यात घातला तर सकाळी फक्त उचलायचा आहे. पातळ डाळ नेऊ नका, सांडते आणि उन्हाळ्यात आंबते. सुकी उसळ, पत्ताकोबी, कोरडा झुणका नेता येतो. ऑफिसात फ्रीज नसेल तर मे महिन्यात सकाळी ताजं केलेलंच न्या किंवा भाजलेले चणे-फल्लीदाणे, दोन काकड्या आणि फळ न्या. पोह्यांवर समाधान मानावंच लागलं तर त्यात मूठभर चणे घालून घ्या.

आता त्या संध्याकाळीबद्दल, जेव्हा काहीच करावंसं वाटत नाही. ती येणार, आणि दर आठवड्याला येणार. त्यासाठी पिठलं आहे. पाव वाटी बेसन, एक वाटी पाणी किंवा ताक. आधी बेसनात तीन-चार चमचेच पाणी घालून गुठळ्या मोडा, मग उरलेलं पाणी. उलट क्रमानं केलं की गुठळ्या शेवटपर्यंत राहतात. चमचाभर तेलात मोहरी, हिंग, एक कांदा, हिरवी मिरची, हळद. कांदा मऊ झाला की आच बारीक करून बेसन ओता आणि सराटा थांबवू नका. दोन मिनिटांत घट्ट होतं, पण तेव्हा उतरवू नका, कच्चा वास राहतो. झाकण ठेवून आणखी पाच मिनिटं. फ्रीझरमधल्या दोन पोळ्या, कच्चा कांदा, लिंबू. पंधरा मिनिटं लागतात. चहा उकळून टोस्टचा डबा शोधेपर्यंतही दहा जातात.

आणि एक विचारू का? यजमान आठवडाभर तिकडं कॅन्टीनचं जेवतात म्हणून तुम्ही शनिवार-रविवारी पाटवडी, भरलं वांगं, गोळाभात असं सगळं मांडता. त्यांना ते आवडतच असेल. पण आपली बायको बुधवारपासून रात्री टोस्ट खाते, हे त्यांना माहीत आहे का? पत्रावरून मला तसं वाटलं नाही. "बाई लाव" असं ते म्हणतात ते कदाचित न कळल्यामुळंच. त्यांना तपासणीचे आकडे दाखवा. रविवारी सकाळी शेंगा सोलणं, पालक निवडणं, चिकटपट्टीवर तारखा लिहिणं ही कामं टीव्हीसमोर बसूनही होतात, आणि चंद्रपूरला त्यांच्या खोलीवर गॅस असेल तर दोन डबे त्यांच्याही पिशवीत जाऊ शकतात, पहाटेच्या गार वेळेत आणि बर्फाच्या पिशवीसोबत.

सगळं एकदम सुरू करू नका. वेगवेगळे डबे, गोठवलेला पालक, आठ पोळ्या, सगळं एकाच रविवारी करायला गेलात तर तिसऱ्या रविवारी थकून सोडून द्याल. पहिले दोन आठवडे फक्त डाळीचे तीन डबे. तिसऱ्या आठवड्यात भाजी दोनदा आणायची सवय. पोळ्यांचं त्यानंतर पाहा. तीन महिन्यांनी डॉक्टर पुन्हा तपासणी सांगतील, तोवर बुधवारच्या रात्री काय जेवलात एवढंच कॅलेंडरवर लिहीत चला. सोमवार-मंगळवारचं लिहायची गरज नाही.

येत्या रविवारी भाजी उतरवली की आधी तुमचा डबा काढा आणि मग पानं घ्या.